शेवंताच्या जन्माचा खुलासा

५ जुलै १९८०, शनिवार

मुलगी झाली. जिवंत आहे. सुमन शुद्धीवर आहे. एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं — पुन्हा उचललं.

नर्सबाई बाहेर आली. म्हणाली, "मास्तर, पोरगी चांगली रडायली. पण तुमी आत येऊन एकदा बघा." बाळंतिणीच्या खोलीत मी जिंदगीत पहिल्यांदा पाय ठेवला.

डोकं मोठं. कपाळ पुढं आलेलं. धड इतर मुलांसारखं. आणि हात! खांदा संपतो न संपतो तोच कोपर. मांड्या तशाच आखूड, वळ्यावळ्यांच्या. बोटं मोजली. दहाच्या दहा आहेत. पण सगळी तोकडी, फाकलेली.

सुमन माझ्याकडं पाहत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय — आणि पुन्हा बोटंच मोजत बसलो.

६ जुलै

आई सकाळपासून एकच शब्द घोकतेय — गिरन! "मी सांगत होते. भरल्या पोटी गिरनात सुई धरली हिनं. ब्लाऊजला हूक लावायली होती. माझं कोण ऐकतंय?"

फेब्रुवारीतलं ते ग्रहण. आमच्याकडं खग्रास नव्हतं, पण भर दुपारी साडेतीनला दिवेलागणीसारखं झालं. पाथरीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तेवढा शाळेच्या पटांगणात काजळी धरलेली काच घेऊन उभा! वर्गात ठणकावून सांगितलेलं — सूर्यापुढं चंद्र येतो, सावली पडते, सावलीनं कुणाचं काही वाकडं होत नाही. सुमनलाही हेच सांगितलं होतं.

आज दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "तुमीच म्हणले होते ना, काही होत न्हाई म्हणून?"

मलाच आता खात्री वाटत नाही. लाज वाटते हे लिहायला.

९ जुलै

आणलेल्या पेढ्यांना मुंग्या लागल्या. कुणी वाटलेच नाहीत.

१६ जुलै

बारावा दिवस. बारसं नाही. आई म्हणाली, "कुणाला दाखवायचंय?" सुमननं आपलं आपण मुलीच्या कानात नाव सांगितलं — शेवंता. मी ओसरीवर बसून ऐकलं.

१९ जुलै

बन्सीधर आला होता. माझा चुलतभाऊ, मोंढ्यात धान्याच्या अडतीचं दुकान. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, राग मानू नका. लोक बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"वहिनीचे ब्लाऊज कोण शिवतंय?"

ब्लाऊज आश्रुबा शिवतो. स्टँडजवळ टिनाच्या दुकानात बसतो. साडेतीन फुटांचा माणूस. मशिनीच्या पायट्यावर लाकडाचे ठोकळे बसवून घेतलेत त्यानं, पाय पोचावेत म्हणून. मोठं कपाळ, आखूड हात. बौद्ध वस्तीतला. दोन वर्षांमागं नामांतराच्या दंगलीत त्याचं आधीचं दुकान जाळलं होतं. पुन्हा उभं केलं.

"हात बघा दादा. कपाळ बघा. अजून काय पायजे?"

तोंड सांभाळ, असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो नाही. विचारलं काय, तर — "पहिल्यांदा कोण बोललं हे?"

"काकूच बोलल्या."

म्हणजे माझी आई!

२० जुलै

झोप नाही. दहावीला शिकवतो तोच धडा डोक्यात फिरतोय. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. गुण आईबापाकडून येतात, आकाशातून पडत नाहीत. दडून आलेला गुण म्हणावा, तर आमच्या घरात, सुमनच्या घरात, आठवेल तिथवर कुणी असं नाही. मग आलं कुठून?

ज्या पुस्तकाच्या जोरावर मी गावाला शहाणपण शिकवलं, तेच पुस्तक बन्सीच्या बाजूनं बोलायलंय.

२१ जुलै

विचारलं. कसं विचारलं ते इथंही लिहवत नाही.

सुमन शेवंताला पाजत होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मापं सुलाबाई घेते, त्याची बायको. आश्रुबा मशिनीवरून उतरत बी न्हाई." मग पदर सारखा केला. "पण हे बी कशाला सांगायलेय मी? तुमी विचारलं तिथंच संपलं."

वय चोवीस. मी तिच्यापुढं शाळकरी पोरासारखा उभा.

२३ जुलै

पालमहून तिचे वडील आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुपारच्या बसनं दोघींना घेऊन गेले. मी अडवलं नाही.

८ ऑगस्ट

दवाखान्याचे डॉक्टर रस्त्यात भेटले. बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, गावात काय चाललंय ते कानावर आलंय. तुम्ही शिकलेले ना? हैदराबादला या विषयाच्या एक मोठ्या डॉक्टर आहेत. चिठ्ठी देतो. मुलीला दाखवा, मग काय तोंड उघडायचं ते उघडा."

पालमला गेलो. सासऱ्यांनी उंबऱ्यातच उभं केलं. सुमन बाहेर आली. चिठ्ठी वाचली.

"पोरीसाठी येते. तुमच्यासाठी न्हाई."

१६ ऑगस्ट, हैदराबाद

सगळं लिहायला पाहिजे. एक अक्षर गाळायचं नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. मराठी येत नाही. मी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला, म्हणून बरं. शेवंताचं डोकं मोजलं, हात मोजले, हाडांचा फोटो काढला. आमच्या दोघांची उंची घेतली. एक लांबलचक नाव लिहून दिलं — अकॉन्ड्रोप्लाझिया. हाडं लांब होत नाहीत. अक्कल मात्र पूर्ण. शिकेल, चालेल, सगळं करेल, थोडं उशिरा.

मग मी ते विचारलं. मुद्दाम शुद्ध, जड उर्दूत, सुमनला कळू नये म्हणून. दुसरा कुणी बाप असेल तर?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्टरसाब, शरम करो."

सुमनला कळलं होतं. परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या बाईला एवढी उर्दू कळत नाही, असं मला वाटलंच कसं!

बाई म्हणाल्या, बाप असा असेल तर त्याची निम्मी मुलं अशी होऊ शकतात, हे खरं. पण अशी दहा मुलं जन्मली तर त्यांतली आठ तुमच्यासारख्या उंच आईबापांची असतात. आठ! आमच्या पुस्तकात हे का नाही?

मग त्यांनी विचारलं, "पोरं शुद्धलेखन उतरवतात तेव्हा काय काय चुका करतात?"

बावीस वर्षं वह्या तपासल्यात. घडाघडा सांगितलं — एका अक्षराच्या जागी दुसरं लिहितात. एखादं गाळतात. एखादं जास्तीचं घुसडतात. ओळ दोनदा लिहितात, कधी अख्खी ओळच खातात. कुणी पान फाडून उलटं चिकटवतो.

"बस! यही."

प्रत्येक पेशीत एक पोथी असते म्हणाल्या, डीएनए नावाची, चारच अक्षरांत लिहिलेली. पेशीची दुसरी पेशी होताना सगळी पोथी उतरवावी लागते. उतरवताना वर सांगितलेल्या सगळ्या चुका होतात. पुष्कळशा चुका पुढं दुरुस्त होतात. पुष्कळशा राहतात पण काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला अर्थ लागतो. आणि एखादी अशी पडते की आपल्या मराठीत सांगायचं तर मीठ लिहायचं तिथं पीठ होतं. वाचन तीन-तीन अक्षरांनी चालतं, म्हणून एकच अक्षर गळालं तर तिथून पुढचं सगळं बिनसतं. कधी तर पोथीचा एक आख्खा खंडच जादा येतो. ते सूक्ष्मदर्शकात दिसतं. शेवंताची चूक तशी नाही. ती इतकी बारीक की कुठं पडली ते अजून जगात कुणाला सापडलेलं नाही.

"चूक होते कशानं?"

किरणांनी होते. हाडांचे फोटो काढतात त्या, अणुबाँबच्या, कडक उन्हातल्यासुद्धा. काही रसायनांनी, तंबाखूच्या धुरानं. "और अक्सर — किसी से नहीं." उतरवणाऱ्याचा हात चुकतो, बस.

"आणि ग्रहण?"

"सावलीत किरण कमी होतात मास्टरसाब. वाढतात का?"

मग त्यांनी माझं वय विचारलं. सांगितलं. बाईची बीजं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. पुरुषाचं बीज रोज नव्यानं उतरवलं जातं, वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत. जितकं वय जास्त, तितक्या नकला जास्त. शेवंतासारखी चूक बहुतेक बापाच्या बाजूनं येते, असंच जगभर दिसतंय.

मी विचारलं, "म्हणजे माझ्याकडून?"

"गुनाह नहीं है. पण हिच्याकडून तर मुळीच नाही."

महिनाभर जिच्याकडं चोर म्हणून पाहिलं, ती शेजारच्या खुर्चीत बसून मुलीच्या टाळूवरून हात फिरवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, मोडक्या हिंदीत, "आगे को बच्चा हुआ तो?"

"बहुतेक असं होणार नाही." मग माझ्याकडं वळून — "याआधी तुमचं मूल?"

सांगावं लागलं. पहिली बायको कस्तुराबाई. एकोणसाठ साली घरीच बाळंत झाली. दोन दिवस अडली होती. मूल मेलेलं निघालं. नंतर आईनं ठरवलं, हिची कूस वाईट, आणि मी तिला पेडगावला माहेरी सोडून आलो. दुसरं लग्न केलं ते सतरा वर्षांनी.

"ते मूल तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही. आईनंच नेऊन पुरलं."

बाई म्हणाल्या, "ती बाई हयात असेल तर विचारा. तेही असंच असेल, तर चूक तुमच्या म्हातारपणाची नाही. तुम्ही स्वतः पोटात होतात तेव्हाच तुमच्या काही बीजपेशींत ती पडली असेल. क्वचित होतं असं. मग पुन्हाही होऊ शकतं."

सुमननं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

१८ ऑगस्ट

गाडीत ती खिडकीशी, मी समोर. माफ कर म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. परभणीला उतरल्यावर तिनं पालमची बस धरली. मी पाथरीची.

१९ ऑगस्ट

काल उशिरा स्टँडवर उतरलो. आश्रुबाच्या दुकानाचे पत्रे वाकलेले, आडवे पडलेले. रस्त्यावर चिंध्या. शिलाई मशीन विहिरीत टाकलीय म्हणे. आणि आश्रुबाचा उजवा हात मोडलाय.

मोंढ्यात बन्सी तिघा साथीदारांसह हसत समोर आला. "दादा, तुमच्या इज्जतीसाठी केलं सगळं!"

माझ्या इज्जतीसाठी!

दोन वर्षांमागं वस्ती पेटली तेव्हा मी दार लावून आत बसलो होतो. म्हणालो होतो, आपलं काय त्यात. आता तर आग माझ्याच घरातून गेली. मी नुसता गप्प राहिलो, तेवढ्यावर एका माणसाचा हात मोडला.

२० ऑगस्ट

वस्तीत गेलो. इतकी वर्षं या गावात, तिथं कधी पाय ठेवला नव्हता. सुलाबाई दारात आडवी उभी. "आता काय राहिलंय न्यायचं, मास्तर?"

उभ्यानंच सांगितलं सगळं. हैदराबादचं, पोथीचं, माझं. आत बाजेवर आश्रुबा हात गळ्यात बांधून बसला होता. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.

"माझा बाप पावणेसहा फुटाचा होता मास्तर. आई बी उंच. भाऊ उंच. मी एकलाच असा. थोरली पोरगी सुलीसारखी उंच हाय, धाकटी माझ्यासारखी. दोन मिंटं येऊन इचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी इचारलंच न्हाई."

हात जोडले. त्यानं नजर वळवली. माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मी कोणत्या तोंडानं म्हणायला लावू?

निघालो तर मागून आवाज आला. "पोरगी किती दिसाची झाली?"

"दीड महिन्याची."

"लवकर बसवू नका. डोकं जड असतंय, मान धरायला येळ लागतो. लोक उशा लावून बसवतेत, पाठीला पोक येतंय मग. माझ्या धाकटीला आलंय. झोळीत न्हाई, सपाट निजवायचं. पाठ आपल्या हातानं मजबूत झाली की ती आपली आपण बसती."

वहीच्या पानावर लिहून घेतलं. उतरवताना एक ओळ सुटली. त्यालाच पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

२१ ऑगस्ट

ठाण्यात जाऊन जबाब दिला. बन्सीधरचं नाव घेतलं, त्याच्याबरोबरच्या तिघांचंही. "तो माझ्यासमोर मोंढ्यात कबूल झाला," असं लिहून सही केली. जमादारानं दोनदा विचारलं, "मास्तर, सख्ख्या चुलतभावावर?" म्हणालो, होय.

आईनं ताट सरकवलं. "वस्तीतल्या माणसापाई घर फोडलंस!"

मी विचारलं, "आश्रुबाचं नाव तूच काढलंस ना? का?"

भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

२६ ऑगस्ट

दहावीला वाटाण्याचा धडा पुन्हा घेतला. पुस्तकात नाही तेही सांगितलं — उतरवताना अक्षर चुकतं, नवंच काही येतं, त्यासाठी कुणी चोरी करावी लागत नाही. फळ्यावर मीठ लिहिलं, म पुसून प केला. पोरं हसली.

मग म्हणालो, "माझ्या मुलीच्या बाबतीत ही चूक माझ्या बीजात झाली. तिच्या आईचा काही दोष नाही. आश्रुबाचा काही संबंध नाही."

सुट्टी होईपर्यंत सगळ्या पाथरीला कळलं होतं. हेडमास्तर म्हणाले, एवढं करायची गरज होती का? होती.

२ सप्टेंबर

बन्सीला आणि दोघांना धरून नेलं. भावकीतलं कुणी माझ्याशी बोलत नाही. पाणी आणायला गेलं की आडावरच्या बायका गप्प होतात.

७ सप्टेंबर

पालमला गेलो. वर्गातली गोष्ट तिथं माझ्याआधी पोचली होती. सासऱ्यांनी या वेळी बाज टाकली.

सुमन म्हणाली, "येते. पण ते दुसरं मला कळायला पायजे. पेडगावला जाऊन त्या बाईला इचारा. नुसतं इचारू नका. आधी माफी मागा. एकवीस वर्षं झाली."

हो म्हणालो. कस्तुराबाईचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही मला! बैलगाडीतली पाठ तेवढी आठवते.

१० सप्टेंबर

दोघी घरी आल्या. शेवंता माझ्याकडं बघून हसली. खरंच हसली! तिची बोटं माझ्या अंगठ्याभोवती पुरत नाहीत, पण पकड काय घट्ट!

आई अंथरुणावरून उठली. तेल कोमट करून आणलं, म्हणाली, "दे, न्हाऊ घालते." सुमननं आधी तेलात बोट घालून पाहिलं, मग दिली. मला बरं वाटलं. माणूस हळूहळू वळतं.

१४ सप्टेंबर, रविवार

पेडगावला जाऊन आलो. कस्तुराबाई भावाच्या घरी दळत बसली होती. केस पांढरे. मी वाकलो तर पाय मागं ओढले. माझं सगळं बोलणं ऐकलं, जातं थांबवलं नाही. मी विचारलं तेव्हा थांबवलं.

"अस्संच होतं. हे एवढाले हात. पोरगा होता."

मग म्हणाली, "मेलेलं कोण म्हणालं तुमाला? रडलं होतं की. दोनदा रडलं. सासूबाई कापडात गुंडाळून न्हाणीत घेऊन गेल्या. मला म्हणल्या, बोलशील तर तुझं बी असंच."

घरी येईपर्यंत एकच घोळत होतं — आईनं असले हात आधी पाहिले होते, ते झाकायलाच आश्रुबाचं नाव काढलं. सुमन आडावर गेली होती. आई न्हाणीच्या दाराशी बसलेली, मांडीवर शेवंता, शेजारी गरम पाण्याचा हंडा. मी काही न बोलता मुलगी उचलून घेतली. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

कुठं गेला होतास, असं तिनं विचारलं नाही.